घर बंद आढळले

मी रत्नागिरीच्या कोर्टात बेलिफ आहे. कोर्टाची समन्सं, नोटिसा, वॉरंटं घेऊन लोकांच्या दारात जायचं, हे माझं काम. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वरिष्ठांनी, नाझरांनी, मला एका जुन्या बेलिफांच्या हाताखाली दिलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, बोलणं गोड. नियम त्यांनीच शिकवले. समन्स ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं. तो नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे, मग बाई असली तरी चालते. शोधूनही कुणी भेटलंच नाही, नाहीतर कुणी घ्यायला नकार दिला, तरच दर्शनी दारावर चिकटवायचं आणि ते बघणाऱ्या दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या.

एवढं सांगून ते म्हणाले, "हे सगळं परीक्षेपुरतं. प्रत्येक दाराशी जायला लागलास तर चपला पुरणार नाहीत."

मी हसलो होतो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

काही वर्षांनी पूर्णगडजवळच्या एका वाडीतलं ताबा-वॉरंट माझ्याकडे आलं. एका घराचं पुढचं अंगण, विहिरीसकट, आपण विकत घेतलेल्या जमिनीत येतं, असा दावा शहरातल्या एका माणसाने लावला होता. घरमालक बोटीवर खलाशी. तो कोर्टात हजरच झाला नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागलेला. अंगणाभोवतीचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पाडायचा आणि ताबा द्यायचा, असा हुकूम.

मी पोचलो तेव्हा दावेवाला जेसीबी घेऊन आधीच उभा होता. खलाशाची बायको कोळंबी सोलता सोलता उठून आली. हात तसेच भरलेले. मी वॉरंट वाचून दाखवलं.

"कसला दावा?" तिने विचारलं. "आमाला कंदी कागद आला?"

"समन्स तुमच्या दारावर चिकटवलं होतं, ताई. घर बंद होतं म्हणून."

"माझं घर बंद?" तिचा आवाज एकदम चढला. "आत या. या आत, बघा."

पडवीत खाटेवर तिचे सासरे पडले होते. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"पाच वर्सं झाली मामंजींना असं होऊन. यांना टाकून मी कुलूप लावीन? सख्ख्या भावाच्या लग्नाला गेले नाय मी. आणि तुमी लिवता घर बंद?"

ती बाहेर गेली आणि गडग्यावर जाऊन बसली. "आता चालवा काय ती मशीन."

दावेवाला माझ्यावर ओरडला, "हुकूम कोर्टाचा आहे, बघत काय बसलात? उचला तिला!"

माणसं उचलणं हे माझं काम नाही. मी तिथेच बसून अहवाल लिहिला. सदर बाई गडग्यावर बसून राहिल्या, अडथळा केला, सबब ताबा देता आला नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. निघताना तिला म्हटलं, "ताई, आजच्या आज वकील गाठा. एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज करता येतो." पक्षकाराला सल्ला देणं बेलिफाला शोभत नाही, हे मला माहीत होतं.

ऑफिसात येऊन त्या दाव्याची फाईल काढली. 'घर बंद आढळले. शेजारी चौकशी करता मंडळी मुंबईस गेल्याचे समजले. समन्स दर्शनी दरवाजास चिकटवले.' अक्षर मोत्यासारखं. पंच म्हणून कोर्टासमोरचा चहावाला आणि त्याच्या शेजारचा झेरॉक्सवाला.

तसाच चहावाल्याकडे गेलो. "पूर्णगडला कधी गेला होतास?"

"मी? नाय बा. सायेब सांगतात सही कर, मी करतो."

मग त्यांच्याकडे गेलो, ज्यांनी मला काम शिकवलं त्यांच्याकडे. ते डबा खात होते. म्हणाले, "एका समन्सासाठी अख्खा दिवस घालवू? ती बाई हरली ती वकील न लावल्यामुळे."

"दावा लागलाय हे कळल्याशिवाय ती वकील लावणार कशी?"

"आवाज खाली कर," ते म्हणाले आणि पोळीचा तुकडा मोडला. माझ्या आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी मात्र हात पँटच्या खिशात कोंबून ठेवावे लागले.

तिने वकील गाठून नवऱ्यातर्फे केलेल्या अर्जावर मी साक्ष दिली. चहावाल्यानेही दिली. एकतर्फी निकाल रद्द झाला. दावा पहिल्यापासून सुरू झाला आणि अजून चालू आहे. तोवर गडगा आणि विहीर तिच्याकडे आहेत. ज्यांनी मला शिकवलं त्या साहेबांना लेखी ताकीद मिळाली. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ दिलं, 'कर्तव्यदक्ष' म्हणून भाषणं झाली. मी शेवटच्या रांगेतून उठून बाहेर गेलो. तेव्हापासून ऑफिसात माझ्याशी कामापुरतंच बोलतात. नाही बोलले तरी माझं काही अडत नाही.

साक्षीत एक गोष्ट मी सांगितली नाही, कारण कुणी विचारलीच नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी आरे-वारेकडचं एक समन्स मीही असंच, चहाच्या टपरीवर बसून बजावलं होतं. ते रस्त्याकडेला खानावळ चालवणाऱ्या एका माणसाच्या नावाचं होतं. साक्षीनंतर रेकॉर्डमधून ती फाईल शोधली. निकाल एकतर्फी. त्याची जागा केव्हाच गेलेली.

एका रविवारी त्याला शोधत गेलो. तो आता भावाच्या पडवीत राहतो. मी सगळं सांगितलं, काहीही राखून न ठेवता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तेव्हा यायला जमलं नाय, आता कशाला आलात?"

त्याने बसा म्हटलं नाही. मी उभ्या उभ्याच परत फिरलो. राग साहेबांचा जास्त येतो की माझा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.