आमचं जिल्हा पान

हिंगोलीत एका दैनिकाचं जिल्हा कार्यालय होतं. तिथं मी अकरा वर्षं काम केलं. खाली औषधांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण. कार्यालयप्रमुख, दोन बातमीदार, जाहिरातींचं बघणारे एक काका आणि जिल्ह्याचं पान लावणारे आम्ही दोघं. दुसरा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा होता, त्याला मी दादा म्हणायचे. कार्यालयप्रमुखांना सगळेच सर म्हणायचे.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची. आमच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मराठी मला शाळेत भेटली, आणि बोलण्यातली मराठी त्याही नंतर, तांड्याजवळच्या गोरेगावच्या बाजारात. टायपिंगची परीक्षा पास झाले होते म्हणून नोकरी लागली. तेव्हा तालुक्याचे वार्ताहर बातम्या हातानं लिहून पाठवायचे आणि मी त्या जशाच्या तशा उतरवायचे. चुकाही उतरवायचे. एक दिवस सर शेजारी खुर्ची ओढून बसले, एका वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तुला बरोबर वाटतं का? मी नाही म्हणाले. मग तसंच काहून ठेवलं? मी खरं ते सांगितलं. मराठी त्यांची आहे, माझी नाही, म्हणून मी हात लावला नाही.

सर हसले नाहीत. "उद्यापासून लाव," एवढंच म्हणाले.

असं माझं शिक्षण सुरू झालं. सर मूळचे वसमतचे. घरात पिढ्यांपासून देवळाची पूजा. पूजा धाकट्या भावावर सोपवून ते रोज एसटीनं हिंगोलीला यायचे. त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची चूक डोळ्यांना नव्हे, कानाला कळायची. मथळा मोठ्यानं वाचायचे, अडखळले की मान वर करून माझ्याकडे बघायचे, आणि चूक कुठं आहे ते मी शोधायचं. चार वर्षांत मी टायपिस्टची उपसंपादक झाले. एकदा कुणी पाहुणे आले होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं, ऐकून जरा थांबले आणि म्हणाले, मराठी बरी जमते तुम्हाला. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की जिल्ह्याचं अख्खं पान हिच्या हातून जातं, माझ्या बातम्यासुद्धा.

मी एक वही केली होती. पाचही तालुक्यांतल्या गावांची नावं, बरोबर कशी लिहायची ती. त्यात वाड्या होत्या, तांडेही होते. जी नावं कुठल्या छापील यादीत सापडत नव्हती, ती मी त्या त्या गावच्या माणसांना फोन करून विचारून घेतली. दादा चेष्टा करायचा, ताई, तुमी तर तलाठ्याच्या वरताण झालात. पण अडलं की तोच वही मागायचा.

संध्याकाळी पाच ते साडेसात हा आमचा खरा दिवस. वसमतहून हळदीची आवक, कळमनुरीहून अपघात, औंढ्याहून कुणाचा तरी सत्कार, सगळं एकदमच येऊन पडायचं. पान साडेसातला छपाईला सोडावं लागायचं. सव्वासातला हमखास कुणीतरी जिना चढून यायचं, हातात निधनाच्या बातमीचा कागद घेऊन. जागा नाही असं सरांनी कधीच म्हटलं नाही. सत्कार कापायचे आणि निधन बसवायचे. दादा कुरकुरायचा, मी हसायचे, बातमीदार चहा सांगायचे. त्या वेळी मला वाटायचं की उशीर होतोय, कधी एकदा पान सुटतं. आता वाटतं, त्या अडीच तासांत मी जेवढी जागी असायचे तेवढी नंतर कुठंच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झाली होती, ग्रुपवर निरोप आला की उद्या सकाळी अकराला सर्वांनी हजर राहावं. आम्ही एरवी दोनला यायचो. मला वाटलं, नवीन मशीन दाखवणार असतील. मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

मोठ्या शहरातल्या कार्यालयातून दोघं आले होते, एक बाई आणि एक गृहस्थ. दोघंही फार गोड बोलत होते. सरांच्या खोलीत ते बसले आणि एकेकाला आत बोलावू लागले. सर आत नव्हते. ते जिन्याच्या कठड्याशी, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. आधी मोठे बातमीदार गेले. तीस वर्षं त्यांनी बातमीदारी केली होती. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता आणि ते तो पुसत होते, पुसतच राहिले. मग जाहिरातीचे काका. मग मी.

बाईंनी सांगितलं की आता सगळ्या जिल्ह्यांची पानं एकाच ठिकाणी लागणार आहेत, तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही. कागद पुढं केला. राजीनामा टाइप केलेला होता. मला त्यात पहिल्याच ओळीत एक चूक दिसली, 'वैयक्तिक' मधल्या 'व'च्या मात्रा चुकून पुढं 'य'वर गेल्या होत्या. मी ती पेनानं दुरुस्त केली आणि सही केली.

चौघं गेले. सर आणि दादा राहिले. दादा टेबलाशी बसून होता, मान वर करत नव्हता. मी माझा संगणक उघडायला गेले, आदल्या दिवशी एक पान अर्धं करून ठेवलं होतं. पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. मी पुन्हा टाकला, पुन्हा तेच. वही खणात राहिली. ती घ्यायचं त्या वेळी सुचलंच नाही. सरांच्या पाठीमागून मी जिना उतरले. त्यांनी वळून बघितलं नाही, मीही हाक मारली नाही.

हिंगोलीतली खोली सोडून मी तांड्यावर आले. याडी, माझी आई, रडली. बा शांतपणे ऐकत होता. त्याला वाचता येत नाही, पण जिल्हा पान कुठलं ते त्याला ओळखता यायचं. गोरेगावच्या जीपबरोबर तो रोज एक अंक मागवायचा आणि आल्या-गेल्याला दाखवायचा, हे आमच्या पोरीनं केलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"कागद बंद झाला का तुलाच बंद केलं?"

मी सांगितलं, कागद चालू आहे. तो मान हलवून बैलांकडे निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून अंक यायचा बंद झाला, त्यानंच जीपवाल्याला नको म्हणून सांगितलं होतं. मला राग यावा म्हणून नव्हे, मला बघवणार नाही म्हणून. पण मला तो हवा होता. तीन दिवस कळ काढली आणि चौथ्या दिवशी चालत गोरेगावला गेले. बसस्थानकाजवळ उभं राहून जिल्हा पान वाचलं. गावांची नावं चुकलेली होती. कुरुंद्याचं कुरूंडा झालं होतं. माझा हात आपोआप पर्समध्ये पेन शोधायला गेला.

माझा फोन मात्र वाजत राहिला. अकरा वर्षांत माझा नंबर जिल्हाभर पसरला होता. कुणाला यात्रेची बातमी द्यायची असे, कुणाला निवडीची. मी आता तिथं नाही असं सांगायचे आणि दादाचा नंबर द्यायचे. फेब्रुवारीत कुरुंद्याहून एका हळद पिकवणाऱ्या माणसाचा फोन आला. त्यांची बायको गेली होती. आवाज इतका खोल गेला होता की मी तिथं नाही हे मला सांगताच आलं नाही. मी विचारत गेले, ते सांगत गेले. माहेर गोरेगाव म्हटल्यावर मला आणखीच जवळचं वाटलं. चार ओळी लिहिल्या आणि दादाला पाठवल्या. त्यानं त्या पुढं पाठवल्या, कारण पान आता त्याच्या हातात नव्हतंच.

दोन दिवसांनी त्या माणसाचा पुन्हा फोन आला. ते रागावलेले नव्हते.

"ताई, आमच्या मंडळीचं माहेर गोरेगाव, मुंबई असं छापून आलं. तिनं मुंबई कधी पाहिली न्हाई. लोक विचारून राहिले."

कुणीतरी तिकडं बसून मदत म्हणून 'मुंबई' जोडलं होतं. जोडणाऱ्याला गोरेगाव एकच, मुंबईतलं, माहीत असणार. तेव्हा मी सांगितलं, मी आता त्या पेपरात नाही, नोव्हेंबरातच काढलं मला. ते म्हणाले, "मग तुमी काहून लिहून दिलं?"

दुरुस्ती छापून आणते, एवढंच मी म्हणाले.

त्यासाठी सरांना फोन करणं भाग होतं. तीन महिन्यांत आम्ही एकदाही बोललो नव्हतो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, दुरुस्तीचं मी बघतो. आणि पुढं म्हणाले, रविवारी वसमतला ये, तुला एक सांगायचंय, फोनवर नको.

मी गेले. गोरेगावहून जीप, हिंगोलीहून एसटी. वसमतच्या आसपास शिवारात हळद शिजत होती, गाडीभर तोच वास. सर देवळाच्या ओवरीत बसले होते, धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा. अकरा वर्षांत मी त्यांना शर्ट-पँटशिवाय पाहिलं नव्हतं. त्यांच्या भावजयींनी चहा आणून ठेवला. त्या आत गेल्यावर सर म्हणाले, "तुझं नाव मी दिलं."

मला नीट समजलं नाही. त्यांनी परत सांगितलं. कार्यालयात दोघंच ठेवायचे, एक सर आणि पानावरच्या दोघांपैकी एक, असं त्यांना आठ दिवस आधी कळवलं होतं. कोण ते त्यांनी ठरवायचं होतं. दादाच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं, नोकरी गेली तर विमाही जाणार होता.

"काम तुझं चांगलं. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण मला वाटलं, तू कुठंही उभी राहशील. तो राहणार नाही."

मी म्हणाले, "मला विचारायचं तरी, सर."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मग ते तुझ्यावर आलं असतं. ते माझ्यावरच राहू द्यायचं होतं."

मला खूप बोलायचं होतं. चांगलं काम केलं म्हणून मला काढलं का, असं विचारायचं होतं. पण समोर बसलेला माणूस एकदम म्हातारा दिसत होता, आणि तो सांगत होता ते खोटं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. चहा तसाच ठेवून मी उठले. ते बसस्थानकापर्यंत माझ्याबरोबर आले. परतीच्या गाडीत मात्र मी खिडकीकडे तोंड करून रडले, नोकरी गेली त्या दिवशी रडले नव्हते तेवढी.

तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. दोन ओळींची, शेवटी 'चुकीबद्दल मनापासून दिलगीर आहोत.' 'मनापासून' हा शब्द दुरुस्तीत कुणी घालत नाही. तो सरांचा होता. मी त्याचा फोटो कुरुंद्याला पाठवला.

पुढच्या दिवाळीआधी ते कार्यालयच बंद झालं. सर घरी बसले, दादाही. दादाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, ताई, तुमची जागा मी घेतली हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तोंड दाखवायची हिंमत झाली न्हाई. मी विचारलं, वहिनी कशा आहेत. नांदेडला बहिणीजवळ राहायला गेलोय, म्हणाला, दवाखाना जवळ पडतो. एक वर्ष तरी उपचार नीट झाले. ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं सांगत नाही, बरंच वाटलं. आणि थोडं दुखलंही.

मी आता गोरेगावात ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रात बसते. पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, मुलींच्या शिष्यवृत्त्या. काम वाईट नाही, माणसं रोज भेटतात, बा येता-जाता डोकावतो. पण फॉर्म भरून झाला की तो पाठवायचा आणि पुढचा घ्यायचा. कुणी तो मोठ्यानं वाचत नाही. अडखळून कुणी माझ्याकडे बघत नाही.

सरांवरचा राग कधी गेला ते सांगता यायचं नाही. मीच एका संध्याकाळी फोन केला, काही कारण नव्हतं. मग करत राहिले.

यंदा एप्रिलमध्ये ते कुणाच्या लग्नाला हिंगोलीला आले, तेव्हा भेटलो. औषधांच्या दुकानासमोर उभे राहिलो. वर आता इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे. सर म्हणाले, जाऊन येऊ का. जिना चढलो. टेबलाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, प्रवेश कुणाचा घ्यायचाय? सर गडबडले. आम्ही सहज आलो होतो, असं म्हणून खाली उतरलो आणि दोघंही हसत सुटलो.

बसला वेळ होता म्हणून चहा घेतला. बाहेर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, थेट रेल्वे फाटकापर्यंत. सर म्हणाले, याला मथळा काय देशील? मी म्हणाले, 'मोंढ्यात हळदीची विक्रमी आवक.' त्यांनी कप हातात फिरवला, विचार केला आणि म्हणाले, विक्रमी कशाला, कुणी मोजली? 'हळदीची रांग फाटकापर्यंत' असं घे.

ते बरं होतं. वसमतची गाडी लागली तसे ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि गर्दीतून पुढं जाऊन खिडकीजवळची जागा धरली.