स्टिल म्हणजे काय काय

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी आणि माझी सासू गुरांच्या छावणीत राहिलो. गावच्या दूध सोसायटीनं आष्टीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत, एका उघड्या माळावर ती छावणी घातली होती. घरचा कडबा सरला होता, विहिरीच्या तळाला नुसता ओला गाळ राहिला होता. दोन बैल आणि एक गाय जगवायची तर त्यांच्यासोबत माणसानंही तिथंच बिऱ्हाड मांडायचं, अशी रीत. ऊसतोडीला जोडी लागते. दरवर्षी सासू-सासऱ्यांची जोडी जायची. त्या वर्षी सासू गुरांसाठी मागं राहिली, म्हणून सासरे आणि माझे मालक, बाप-लेकच जोडी करून गेले.

मी बारावीला इंग्रजीत नापास झाले होते. जाताना मालकांनी आष्टीच्या बाजारातून एक जुनी डिक्शनरी आणून दिली होती. तिला पुठ्ठा नव्हता, पहिली काही पानंही गेलेली होती. "जुलैच्या परीक्षेला बस," एवढंच ते म्हणाले आणि ट्रॉलीत चढले.

छावणीतली सकाळ गडबडीची असायची. टँकरची वाट बघणं, मग शेण काढणं. कारखान्याकडून उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, आले की सोसायटीचा माणूस भोंग्यावरून सांगायचा आणि बाया डोईवर ओझी घेऊन आपापल्या दावणीकडं चालू लागायच्या. पण दुपार झाली की सगळा माळ जणू पाण्याखाली जायचा. सावलीसाठी वर ताणलेल्या हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन अंगावर पडायचं. सगळीकडं रवंथाचा एकसारखा आवाज, वाढ्यांचा गोडसर आंबूस वास. कुणाचं बोलणं कानावर आलं तर ते फार लांबून आल्यासारखं वाटायचं. मी गायीच्या पाठीला टेकून डिक्शनरी उघडायचे आणि सासू शेजारी गोधडी शिवत बसायची.

तिला अक्षरओळख नव्हती, पण शब्दांची भारी हौस. मी वाचलेला शब्द तिला सांगावाच लागायचा. बहुतेक शब्द ती ऐकून सोडून द्यायची. 'स्टिल' मात्र तिनं सोडला नाही.

आधी तिला वाटलं मी भांड्यांचं सांगतेय. तिच्या मते त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, स्टीलचा हंडा तर समोरच होता. हा ऱ्हस्व स्टिल, त्याचा अर्थ 'अजून', असं मी सांगितलं. अजून पाऊस नाही, अजून माणसं आली नाहीत, तो अजून. तिनं मान डोलवली. मग मी पुढची ओळ वाचली. स्टिल म्हणजे स्तब्ध, न हलणारं.

ती सुई थांबवून माझ्याकडं बघत राहिली. आपण जेव्हा 'आजूक' म्हणतो तेव्हा काहीतरी चालू असतं, आणि स्तब्ध म्हणजे तर काही चालूच नाही, मग एका शब्दात ही दोन्ही राहतील कशी, असं तिचं म्हणणं. मी आणखी अर्थ वाचले. तरीसुद्धा. शांत. निश्चल. रडणाऱ्याला उगी करणं तेही स्टिल. दारू गाळायचं भांडं तेही स्टिल. यावर ती हसली. म्हणाली, साहेबांकडं शब्दांचा दुष्काळ दिसतोय, एकाच शब्दाला किती कामाला जुंपलंय.

पुढं कितीतरी दुपारी आम्ही तोच शब्द घेऊन बसलो. न हलण्याला आपल्याकडं किती शब्द आहेत ते ती काढत गेली. दुपारच्या झाडाला निवांत म्हणायचं, झाडाला निपचित म्हणत नाहीत. निपचित आजारी माणूस पडतो. पाणी साचलेलं असतं. लेकरू गप असतं, पण मोठं माणूस गप झालं तर त्याच्या पोटात काहीतरी असतं. मी ऐकत राहायचे. मधेच डोळा लागायचा आणि तिचे शब्द झोपेतच चालू राहायचे. जागी व्हायचे तेव्हा गाय तशीच रवंथ करत असायची, आणि सासूची गोधडी वीतभर पुढं सरकलेली असायची.

अशाच एका दुपारी मी त्याच पानावर खालचा शब्द वाचला. स्टिलबॉर्न. मोठ्यानं वाचला आणि अर्थही तसाच वाचून टाकला. मृत जन्मलेलं.

ती टाके घालत राहिली. मला वाटलं, ऐकलंच नसेल. मग तिनं विचारलं, "ह्यो बी तोच शब्द हाय?"

"तोच. पुढं बॉर्न लावलाय. बॉर्न म्हणजे जन्मलेलं."

तिनं सुई दोऱ्यासकट गोधडीत खोचून ठेवली. माझ्या मालकांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, हे मला तेव्हा कळलं. तोडीवर झाली, उसाच्या फडातच. सासू तासभर आधीपर्यंत मोळ्या बांधत होती. दोन बायांनी लुगड्याचा आडोसा धरला होता. मूल रडलं नाही. बायांनी पाठ चोळली, पाणी मारलं, तरी रडलं नाही. सासऱ्यांनी बांधावर कोयत्यानंच माती उकरली. काही दिवसांनी ती पुन्हा मोळ्या बांधू लागली, कारण गाडी भरायची होती. गावाकडं परत आल्यावर कुणी विचारलं तर घरातले म्हणायचे, मेलेलं झालं. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. लेकीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

हे सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. मी डिक्शनरी मिटून मांडीवर ठेवली. समोर बैल उभ्या उभ्या डुलकी घेत होता.

"मेलेलं न्हाई म्हणलं त्या साहेबांनी," ती म्हणाली. "गप म्हणलं. गप जलमलेलं. लई गोड दिसत होती बग, झोपल्यावानी." आणि जरा वेळानं, "आजूक बी तोच शब्द ना?"

मी हो म्हणाले.

"मंग आजूक जलमलेली बी म्हणता येईल."

इंग्रजीत असा अर्थ होत नाही, हे मला माहीत होतं. बारावी नापास असले तरी तेवढं कळत होतं. पण मी "येईल" म्हणाले. आजही कुणी विचारलं तर तेच म्हणेन. त्या दुपारी तिनं गोधडी पुन्हा हातात घेतली नाही. माझ्या खांद्याला डोकं टेकून ती झोपली. एवढी गाढ झोपलेली तिला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी वाढे उशिरा आले. भोंग्यावरून तसं सांगितलं तेव्हा मी शेजारच्या दावणीवरच्या बाईला खुणेनंच आमचं ओझं आणायला सांगितलं.

छावणी उठली. जुलैत मी परीक्षा दिली आणि पास झाले, जेमतेम. पाऊस त्या वर्षीही बेताचाच झाला. गुरं शेजारी राहणाऱ्या चुलत जावेकडं ठेवून दिवाळीनंतर आम्ही चौघंही तोडीला निघालो. ट्रॉलीत भांडी, राहायच्या कोप्या बांधायचे बांबू आणि त्यावर आम्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कालव्यापाशी सासूनं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. सासऱ्यांनी तिच्याकडं बघितलं. कशाला थांबायचं, असं त्यांनी विचारलं नाही. तेच आधी खाली उतरले.

छावणीत असताना फोनवर किंवा नंतर घरीही मालकांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आता हळू आवाजात सांगितलं. ते ट्रॉलीच्या कडेला धरून उभे राहिले, मग आईच्या मागं चालू लागले.

ज्या फडात ती मुलगी झाली होती तिथं आता सगळं बदललं होतं. ऊस जाऊन डाळिंबं आली होती, बांध फोडून रस्ता काढला होता. सासऱ्यांनी एक जागा दाखवली. सासू म्हणाली, इथं न्हाई, तिकडं, बाभळीच्या अंगाला. सासरे म्हणाले, बाभळ तवा नव्हतीच. थोडा वेळ दोघं असं बोलत राहिली, भांडत नव्हती, वाट विचारल्यासारखं एकमेकांना विचारत होती. शेवटी दोन्ही जागांच्या मधे, मातीवरच दोघं शेजारी बसली. सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. आम्हाला कुणी हाक मारली नाही. ऊन चढू लागलं तसं सासूनं पदरातली भाकरी काढली, चार तुकडे केले, आणि आम्ही तिथंच बसून खाल्ली.