झिनियासाठी उचललेले ब्लॉक

मी गाव सोडलं त्या सकाळी आई आटपाडीच्या स्टँडवर आली नाही. लग्न होऊन महिना झाला होता. नवऱ्याबरोबर मी तमिळनाडूत सेलमला निघाले होते, गलाईच्या धंद्यासाठी. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम. आमच्या भागातली घरंच्या घरं यासाठी देशभर पांगली आहेत. "झाडास्नी पानी घालायचंय. ऊन चढलं की पानं भाजत्यात," एवढं म्हणून आई दारातल्या झिनियांकडे वळली. एसटीत मी रडले नाही, संतापले.

आता सेलममध्ये गच्चीवर माझ्या झिनिया तळहाताएवढ्या होतात. शेजारणी "मराठी अक्का, बी द्या" म्हणत येतात. मी बी देते आणि बजावते: रोपं उपटून लावू नका, बी जागेवरच टोका. दोन रोपांत दीड वीत अंतर ठेवा, वारा खेळला नाही तर पानांवर पांढरी भुरी धरते. पाणी मुळाशी. वाळलेलं फूल लगेच कापा. आणि पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. इथे सगळ्यांचा हात थांबतो. न खुडलेलं रोप मग एकच उंच काडी होतं आणि वाऱ्यात मोडतं. यातलं माझं काहीच नाही, सगळं आईचं आहे.

फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकते. विजयवाड्याहून दादा अंगठा पाठवतो, साताऱ्याहून धाकटी शैला बदाम. आई बघते, लिहीत काही नाही.

गेल्या दिवाळीला मी सगळ्यांच्या आधी पोचले, तर दारात मातीच नव्हती. दादाने बांधलेल्या बंगल्यापुढे थेट कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक. दिवाळीचे चार दिवस सोडले तर बंगला कुलपात असतो. आई पुढच्या एका खोलीत राहते, चाव्यांचा जुडगा कमरेला. मी दादाला फोनवर नको नको ते बोलले. आई ऐकत होती.

"त्याला कशाला बोलतीस? मीच सांगितलं ब्लॉक घाल म्हून."

"आणि तुझी फुलं?"

"कुनाला दावू? कुत्र्याला? तुमी येनार दिवाळीला, तवर निम्मी वाळत्यात. ऱ्हायलेली गाडीखाली घालता, आन् वर म्हनता फोटू काढ. लय झालं."

माझा राग उतरला नाही, पण आता तो एकट्या दादावर नव्हता. आम्ही तिघांनी मिळून आईला बिनपगारी राखणदार करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहार घेतली आणि भिंतीलगतचे ब्लॉक उचलले. खालची खडी काढून माती आणि शेणखत भरलं. आई पायरीवर बसून बघत होती. "सेलमात ह्येच शिकलीस व्हय, लोकांची अंगनं उकराय?" म्हणाली, पण घमेलं तिनेच पुढे सरकवलं. मग मी सेलमहून आणलेलं बी टोकलं. थंडीत बी उशिरा उगवतं, उगवतं मात्र.

दादा आला तो गाडीतूनच ओरडत. "मंगे, खड्डा कुनी पाडलाय गं? गाडी कुठं लावू?"

"रस्त्यावर."

"नवी हाय की ती!"

"मग विजयवाड्यात लावायची हुतीस."

फराळाला बसल्यावर मी सांगून टाकलं. महिन्याने शेंडे खुडायला शैलाने यायचं. लग्नकार्याला येते, तशीच याला. पुढे भुरी धरतेय का ते बघायला दादाने. फुलायच्या सुमाराला मी.

"आईला जमंल की सगळं," दादा म्हणाला.

"आईला जमतंच. आपल्याला यायला जमत न्हाई."

त्यानंतर लाडवाला कुणी हात लावला नाही.

शैला आली, एक रविवार चुकवून का होईना. दादा आला नाही, कामाचं निमित्त झालं. परवा ग्रुपवर त्याने विचारलं, "आई, फुलं आली का? फोटो टाक." पहिल्यांदाच ग्रुपवर आईचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला: "आल्यात. फोटू मिळायचा न्हाई. बघायचं आसंल तर ये."

मी लगेच फोन लावला. म्हटलं, निदान रंग तरी सांग. "तुला बी त्येच," म्हणाली आणि फोन ठेवला.

माझं पुन्हा डोकं फिरलं. मीच बी टोकलं, मीच ब्लॉक उचलले, आणि मलाही नाही? मग शांतपणे विचार केला. बाहेर राहणारे आपण सगळे कुलूप लावलेल्या बंगल्याला घर म्हणतो आणि त्याचे फोटो एकमेकांना दाखवतो. यापुढे मी म्हणणार नाही. ज्या दारात आपण गेलो नाही म्हणून कुणी चिडतं, तेवढंच घर. बाकी बांधकाम.

मिरजेपर्यंतचं रेल्वेचं तिकीट काढलं आहे, पुढे आटपाडीची एसटी. दादाला कळवलेलं नाही. त्याचं त्याने काढावं.