दाताखालची कचकच

परदेशात एका खोलीत राहिलेल्या माणसांचे किस्से बहरीनच्या धुळीसारखे. सकाळी पुसावेत, संध्याकाळी पुन्हा थर! ऐंशी सालाच्या आसपास माहूज भागातल्या एका खोलीत आम्ही तिघं होतो, मीना सलमान बंदरातल्या एकाच वर्कशॉपमधले. दत्तादादा वेल्डर, इब्राहिमभाई फिटर, दोघंही रत्नागिरीकडचे. आणि मी स्टोअरचा क्लार्क. त्या दोघांचं नातं एका शब्दात सांगता यायचं. कचकच.

* * *

आमच्या मल्याळी सुपरवायझरने एकदा विचारलं, हे कचकच म्हणजे काय, दिवसभर कानावर पडतं. मी म्हटलं, साहेब, दोन अर्थ. भातात वाळू आली की दाताखाली लागते ती, आणि या दोघांचं उठल्याबसल्या चालतं ते. भांडण नव्हे हं! भांडण मिटतं, कचकच चालूच राहते.

साहेब म्हणाले, "सेम थिंग!"

* * *

भात इब्राहिमभाई शिजवायचे. त्यांना खिडकी उघडी लागायची, दादाला बंद. एकदा धुळीच्या वादळात जेवताना दादा घास चावता चावता थांबला.

"भातात कचकच हाय."

इब्राहिमभाईंनी मानही वर केली नाही. "भातात नाय, तुझ्या तोंडात हाय."

दादाने दोन दिवस भात सोडून नुसता बाजारचा खुबूस पाव खाल्ला.

* * *

शेवटी घरमालक कंटाळला. 'खलास' म्हणून त्याने दादाला खालची रिकामी खोली दिली. संध्याकाळी दादा वळकटी घेऊन परत. तिथे कचकच करायला कोणी नाही, ही त्याची तक्रार! इब्राहिमभाईंनी त्याची जागा आधीच झाडून ठेवली होती. खिडकी मात्र उघडी.

* * *

मग इब्राहिमभाई दोन महिन्यांच्या लीव्हवर निघाले. त्या सकाळीही खिडकीवरून वाजलं, आणि दादा टॅक्सीपर्यंत सोडायला उतरला नाही. पाठ फिरवून म्हणाला, "दोन महिने कचकच मफी. नाय म्हंजे नाय."

जिन्यातून उत्तर आलं, "मी नसलो तरी लागंल तुला."

महिन्याभरात गावाहून पत्र आलं. इब्राहिमभाई झोपेतच गेले होते. दादाने पत्राची घडी घातली आणि एवढंच म्हणाला, की त्या दिवशी खाली जायला हवं होतं.

* * *

त्यानंतर भात दादा करू लागला. तांदूळ पाच पाण्यांनी धुवायचा, खिडकी घट्ट बंद. तरी पहिल्याच घासाला कच! भात एकाच पातेल्यातला, पण मला कधी लागलं नाही. एका शुक्रवारी मी गुपचूप ताटं बदलली. पुन्हा त्यालाच. तो आवाज मला समोर बसून ऐकू आला आणि अंगावर सरसरून काटा आला.

दादा रिकाम्या खाटेकडे वळला. "भातात नाय, माझ्या तोंडात हाय. तुझंच खरं. चुकलो."

दुसऱ्या दिवसापासून काही लागेना. दादा मात्र प्रत्येक घास सावकाश चावत वाट बघायचा. मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

आठवड्याने भर दुपारी वादळ उठलं. समोरची इमारत दिसेना. दादा उठला आणि त्याने आपल्या हाताने खिडकी सताड उघडली. तशातच आम्ही जेवायला बसलो. खाटांवर, भांड्यांवर, आमच्या भुवयांवर धूळ. माझा पहिलाच घास कचकन वाजला.

दादा चावत राहिला. मग त्याने ताट माझ्याकडे सरकवलं.

"बघ. आता बोलत नाय माझ्याशी."

मी त्याच्या भातातून बोट फिरवलं. वाळूचा एक कणसुद्धा लागला नाही.