अल्जीरियाला लावलेला फोन

"बाई, नकाशा काढा ना जरा," असं म्हणत त्या दारातच ओला हात पदराला पुसायच्या. मग ॲटलासमधल्या अल्जीरियाच्या पिवळ्या रंगावर तळहात पसरायच्या. देश हाताखाली मावायचा नाही. "एवडी सगळी वाळूच?" उत्तर माहीत असूनही दरवेळी विचारायच्या.

मी बोईसरच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि सालवडला राहायचे. त्या माझ्या शेजारीण. सगळेच त्यांना वहिनी म्हणायचे. माहेर सातपाटीचं, बाप-भाऊ होडीवर. नवरा मात्र कारखान्यात वेल्डर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका एजंटामार्फत तो अल्जीरियाच्या वाळवंटात गॅसच्या पाइपलाइनवर गेला आणि वहिनींचा जीव टांगणीला लागला.

काळजी करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वहिनींची काळजी मात्र थेट मुळाला हात घालायची. "दर्यात मानूस गेला तर दर्या कदी ना कदी त्याला किनाऱ्याला आनतो. वाळू काय करते, बाई?"

मी दुसरंच सांगत बसायचे. वर समुद्राकाठी हिरवी पट्टी आहे, शहरं आहेत, द्राक्षाचे मळे आहेत. मग डोंगर. त्याखाली वाळवंट, पण तिथेही खजुराच्या बागा आहेत. जमिनीखालून पाट खणून पाणी आणतात.

"आनि मानसं?"

"अरब आहेत, बर्बर आहेत. वाळवंटातल्या तुआरेग लोकांत तर पुरुष तोंड झाकतात, बायका उघड्या तोंडाने हिंडतात."

वहिनी खूप हसल्या. "आमच्या ह्यांना चालंल तसं. दाडी करायचा कंटाळाच हाय."

शुक्रवारी तिकडे सुट्टी असायची. त्या दिवशी संध्याकाळी स्टेशनजवळच्या टेलिफोन बूथवर नवऱ्याचा फोन यायचा. वहिनी धुतलेलं लुगडं नेसून आधीच जाऊन बसत. बोलणं फार नसायचं. "जेवलाव काय? पानी हाय ना?" एवढं विचारलं की झालं.

मग तिकडे दंगेधोपे सुरू झाले. परदेशी माणसांनी देश सोडावा अशा धमक्या, पाठोपाठ खून. रेडिओवर बातम्या लागल्या की वहिनी स्वयंपाक सोडून माझ्या दारात. एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. एजंटाच्या ऑफिसला कुलूप होतं. तव्यावरचा बोंबील जळून जाई, त्यांना पत्ता नसे. भाऊ माहेरी न्यायला आला तर म्हणाल्या, "फोन हितं येनार. मी नाय येत."

नवऱ्याने अडीनडीला म्हणून तिकडच्या कामगारांच्या तळावरचा नंबर देऊन ठेवला होता. आम्ही दोघी बूथवर जाऊन तो लावत राहिलो. लाइनच मिळेना. एकदा मात्र कुणीतरी उचलला. वहिनींनी नवऱ्याचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, मग ओरडूनच घेतलं. पलीकडे एक म्हातारा आवाज काहीतरी सांगत होता. मी रिसीव्हर घेतला; मलाही काही कळेना. ते त्याच्या लक्षात आलं असावं. मग तो एकच शब्द सावकाश म्हणत राहिला. "बातो... बातो..." लाइन तुटली.

"वाईट शब्द हाय काय, बाई?" वहिनींनी विचारलं.

अल्जीरियात फ्रेंच चालतं, हे मला ठाऊक होतं. तारापूरच्या वसाहतीत फ्रेंच शिकलेले एक इंजिनिअर होते. आम्ही तशाच रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "बातो म्हणजे होडी. जहाज."

वहिनी त्यांच्या पायरीवरच खाली बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. "होडीत हाय म्हंजे वाळूतून सुटले. दर्यावर आले."

खरंच तसं होतं. ट्रकांतून लपत-छपत कामगारांना बंदरावर आणून जहाजात बसवलं होतं. काही दिवसांनी तो घरी आला, वाळलेला, आवाज बसलेला. मी भेटायला गेले तेव्हा वहिनी त्याला वाढत होत्या. त्यांनी विचारलं, "फोन कुनी उचलला होता?"

"तळावरचा म्हातारा रखवालदार असंल. आमाला ट्रकात त्यानंच चडवलं. तो नाय आला. म्हनला, माजं घरच हितं हाय, मी कुटं जाऊ?"

"दिसायला कसा हाय?"

"तोंडाला कापड बांदलेलं असायचं. डोळेच तेवडे दिसायचे."

वहिनींचा हात भातावर थांबला.

पुढच्या शुक्रवारी मी स्टेशनजवळून येत होते. बूथच्या काचेआड वहिनी दिसल्या. मला वाटलं, नवरा पुन्हा कुठे गेला की काय. घाईने दार ढकललं. त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

"वाजतोय," त्या हळूच म्हणाल्या. "म्हातारा हाय का नाय, एवडंच बगते."

रिसीव्हर कानाशी घट्ट धरून त्या उभ्या होत्या. तिकडे, त्या पिवळ्या मुलखात, रिकाम्या तळावर घंटी वाजत होती. बाहेर रांग लागली, बूथवाल्याने काचेवर नाण्याने टकटक केली. वहिनींनी फोन ठेवला नाही.