तोंड तिचं, पाय माझे

जमिलाबी पिंजारीण काय बाई होती, हे आजकालच्या पोरांना सांगून पटत न्हाय. नसंल पटत तर ऱ्हावा घरी. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या सास्तूरचीच ती. नवरा वली वारला, मूलबाळ न्हाय. दिवसभर कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आन दिवेलागणीला मैनेशी बोलत बसायचं. मैना म्हंजे तिची कारवानी कुत्री. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, पळाली की नुसती धूळ दिसायची.

ही मैना बटईची होती. शेताची असती तशी जनावराचीबी बटई असती आमच्याकडं. एकानं पिल्लू द्यायचं, दुसऱ्यानं वाढवायचं, जनावर दोघांचं अर्धं अर्धं. पिल्लू दिलं कल्याणप्पांनी, वाढवलं वलीनं. कल्याणप्पा गावातले मोठे शेतकरी, तोंडानं लई फटकळ. कुणी विचारलं, "अप्पा, तुमचं अर्धं कुठलं?" की म्हणायचे, "तोंड तिचं, पाय माझे. भाकर तिनं घालावी, नाव माझं व्हावं!" सगळी चावडी खो खो हसायची.

वली गेल्यावर अप्पांच्या मनात आलं, कुत्री मळ्यावर न्यावी. जमिलाबी म्हणाली, "मैना गेली तर म्या घरात कुणाशी बोलू, अप्पा?" वाद वाढला, पंच बसले. साल एकसष्ट. सास्तूरला सरकारी जनावरांचं प्रदर्शन होतं, त्यात कुत्र्यांचीबी शर्यत. शेजारच्या माकणी गावाला उरुसाची शर्यत. पंच म्हणाले, सास्तूरला मैना अप्पांच्या नावावर उतरंल, माकणीला जमिलाबीच्या. ज्याच्या नावावर वरचा नंबर, त्याची कुत्री. दोन्हीकडं सारखाच आला तर बटई हाय तशी. आन ह्या शहाण्यांनी तारखाच बघितल्या न्हाईत! दोन्ही एकाच दिवशी निघालं. सकाळी सास्तूर, दुपारी माकणी.

बायांनी जमिलाबीला कानमंत्र दिला, "सकाळी पोटभर चार तिला. फुगलेलं कुत्रं पळतंय व्हय कुठं?" जमिलाबी भडकली. "उसको क्या मालूम, आज कुणाच्या नावावर पळायचं? तिच्याशी बेइमानी करू?" आन रिकाम्या पोटी, अंग पुसून, स्वतःच्या हातानं तिला प्रदर्शनात उभी केली. अप्पांच्या नावावर! मैना पहिली आली. अप्पांच्या गळ्यात हार पडला, आन जमिलाबी कडंला उभी राहून मैनेच्या पंज्यातला काटा काढत होती.

आता माकणी तिथनं तीन कोस. उन्हाळ्याचे दिवस, वाट सगळी तापलेली. आमी अप्पांच्या बैलगाडीत बसलो. अप्पा म्हणाले, "चढ गं, कुत्रीला घेऊन." ती म्हणाली, "गाडीच्या हिसक्यानं ओकती ती. तुमी व्हा म्होरं."

पण वाट अशी की गाडीलाच सरळ जाता येईना. आमी हळूहळू, आन ती आमच्या म्होरं. थोडं चालल्यावर मैना लंगडायला लागली. जमिलाबी थांबली, खाली बसली, आन एवढं थोरलं धूड मेंढपाळ कोकरू घेतो तसं खांद्यावर घेऊन उठली! आगं बाबो! वाळलेल्या काटकीसारखी बाई ती. आमाला वाटलं, पन्नास पावलं जाईल. ती थांबलीच न्हाय. टाचा भेगाळलेल्या, पाठ वाकलेली, आन वर मैना ऐटीत चहूकडं बघतीय.   अप्पांची नजर तिच्या टाचांवरनं हलंना.

माकणीत मैना पळाली. जीव तोडून पळाली. पण दुसरी आली.

एवढं करून दुसरी! माझ्या तोंडून शिवीच गेली.  जमिलाबी पाणीसुद्धा प्याली न्हाय. मैनेची दोरी धरून सरळ अप्पांच्या म्होरं आली, दोरी त्यांच्या हातात दिली.

"घ्या अप्पा. कबूल केलं म्हंजे केलं. तिला भाकर दुधात कुस्करून लागती…"

अप्पांनी खाली बसून मैनेचे पाय चाचपले. मग म्हणाले, "जमिलाबी, पाय माझे होते न्हव का?"

"व्हय."

"माझे पाय तू तीन कोस खांद्यावर वाहिलेस, आन म्या गाडीत बसून बघितलं. आता कुठल्या तोंडानं मागू हिला? तोंड तर तुझ्याच वाट्याचं."

दोरी त्यांनी तिच्या हातात परत दिली. त्यांच्या बोलण्यावर त्या दिवशी कुणी हसलं न्हाय. जमिलाबी मैनेच्या गळ्यात पडून लेकरासारखी रडली, आन मीबी रडलो, लपवायचं काय त्यात.

पुढं मैना व्याली. सगळ्यात देखणं पिल्लू जमिलाबीनं पदरात घेतलं आन अप्पांच्या दारात नेऊन ठेवलं. अप्पांनी विचारलं, "बटईनं?"

"न्हाय अप्पा," ती म्हणाली. "पुरं तुमचं."