नववं वर्ष, तीनच पट्ट्या

एखाद्याची बढती नुसती लांबूही शकते, हे नीळकंठराव पांढरीपांड्यांना समजावून सांगायच्या भानगडीत भोपाळच्या बरखेडा टाउनशिपमध्ये कुणी पडत नसे. त्यांच्या मते बढती लांबत नसते, लांबवली जाते. कारखान्यात फोरमन व्हायला त्यांना अकरा वर्षं लागली आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी किमान सहा माणसांवर संशय घेतला. त्यातले दोघे तर त्यांचे जिवलग मित्र होते. पुढे अर्थातच राहिले नाहीत. दरवर्षी नोटीस बोर्डावर ज्येष्ठतेची यादी लागली की नीळकंठराव ती वहीत उतरवून घेत आणि घरी येऊन मागच्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहत. माणूस सरळ, कामाला वाघ. पण ताकसुद्धा फुंकून प्यायचे, आणि फुंकायच्या आधी ते कुणी आणलं हे विचारायचे.

निवृत्तीनंतरही ते कारखान्याच्या टाउनशिपमध्येच राहिले. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी सुचेता विमान कंपनीत को-पायलट, नोकरी दिल्लीला. सुट्टी मिळाली की ती विमानानं तास-दीड तासात भोपाळला येई. नोकरीला लागली तेव्हा म्हणाली होती, "पाच-सहा वर्षांत कॅप्टन होईन, बाबा." आता नववं वर्ष चालू होतं. दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या शर्टाच्या खांद्यावर नीळकंठराव दर खेपेला पट्ट्या मोजत. तीन असत. कॅप्टनच्या चार असतात, हे त्यांनी केव्हाच विचारून ठेवलं होतं.

"तास भरलेत, परीक्षाही झाल्यात," सुचेता सांगे. "पण जागा निघायला हवी ना! नवीन विमानं आली की जागा निघतात. लंबी लाइन आहे, बाबा."

"लाइन आहे तर तुझा नंबर किती?"

"बघून सांगते."

ते ती कधीच सांगत नसे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

अशातच एका रविवारी गल्लीतले काशिनाथ मुळे पेढे घेऊन आले. टाउनशिपची रीतच होती ती, बढतीची ऑर्डर हातात पडली की त्याच दिवशी गल्लीत पेढे. मुळ्यांचा हेमंत सुचेताच्याच कंपनीत, तिच्यामागून दोन वर्षांनी लागलेला. तो कॅप्टन झाला होता. नीळकंठरावांनी पेढा तोंडात टाकला आणि अभिनंदनाच्या जागी विचारलं, "ऑर्डर किती तारखेची?"

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. आधी संशय मुळ्यांवर गेला. मग तो सुचेताकडे वळला. पोरगी कॅप्टनच्या परीक्षेत नापास झाली असेल आणि आपल्यापासून लपवत असेल! पुढच्या खेपेला ती आंघोळीला गेली, तशी त्यांनी तिची बॅग उघडली. टॉर्च, हेडफोन, दोन जाडजूड पुस्तकं, अर्धी चिक्की. नापासाचा कागद नव्हता. दुसरा कुणी असता तर हायसं वाटून घेतलं असतं. यांनी निष्कर्ष काढला की कागद दिल्लीला ठेवलाय. लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

शेवटी कारखान्यातला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. जवाहर चौकात टायपिंगच्या दुकानात बसून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला तीन पानी अर्ज लिहिला. विषय: को-पायलट सुचेता पांढरीपांडे यांना ज्येष्ठता डावलून मागे ठेवल्याबाबत. सोबत रुजू झाल्याच्या तारखांचा तक्ता. खाली, 'कारणे लेखी कळवावीत'. कोणत्या वडिलांनी कधी विमान कंपनीला असा अर्ज केला असेल! रजिस्टर पोस्टाची पावती खिशात घालून ते घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

बाराव्या दिवशी भर दुपारी सुचेता न कळवता दारात उभी राहिली. हातात तोच अर्ज.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं. अन्याय झाला तर गप्प बसायचं का?"

"ऑफिसात बोलावून मला वाचायला दिला. दुसऱ्या पानापासून सगळे हसू दाबत होते."

"हसू देत. तू नाव सांग. कुणी अडवलं तुला?"

सुचेता खुर्चीत बसली. "कुणी नाही. मीच नको म्हणून लिहून दिलं, दोन वर्षांपूर्वी. कॅप्टनची जागा निघाली ती चेन्नईची होती. ट्रेनिंग आणि पुढे तिथेच, दीड वर्ष. तुमचं बायपास होऊन तीनच महिने झाले होते. दिल्लीहून धावत येता येतं, तिथून कशी येणार? आणि एकदा नको म्हटलं की दोन वर्षं विचारत नाहीत. तेवढ्यात हेमंत पुढे गेला."

"मग घरात बाई ठेवायची!"

"तीन ठेवल्या, बाबा! पहिली खिडकीतून इशारे करते म्हणून काढलीत. दुसरी फोनवर हळू बोलते म्हणून. सुलभाताई किती चांगल्या होत्या, तर तुम्ही तुपाच्या डब्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवलीत. त्यांनी ती पाहिली. रडत गेल्या त्या."

नीळकंठरावांनी तिच्या हातातला अर्ज घेऊन टेबलावर उलटा ठेवला. नऊ वर्षांतली शेवटची दोन त्यांनी स्वतःच्या हातानं मुलीच्या कपाळी लिहिली होती, आणि वर तक्ता जोडून कंपनीला जाब विचारला होता.

"पुन्हा विचारलंय," सुचेता म्हणाली. "चेन्नईच. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. या वेळी नको म्हटलं तर नाव यादीच्या तळाला."

"मग हो लिही."

"आणि इथे?"

"बाई ठेवतो. शब्द देतो."

सुचेतानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माझा विश्वास नाही तुमच्यावर, बाबा."

आयुष्यभर त्यांनी हे इतरांबद्दल म्हटलं होतं. स्वतःबद्दल, आणि पोटच्या पोरीच्या तोंडून, पहिल्यांदाच ऐकलं. आतवर लागलं. ते उठले आणि तिच्यासमोरच त्यांनी सुलभाताईंना फोन लावला.

"आता कशाला, काका?" पलीकडून आवाज आला. "अजून काही गायब झालं का?"

"नाही. माझं चुकलं, बाई. फार चुकलं. तुम्ही परत या. स्वयंपाकघरात मी पाऊल टाकणार नाही."

"बघा हं. एकदा भी शक केला तर उलट्या पावली जाईन."

"बरोबर आहे. जा."

पलीकडून उत्तर आलं, "सोमवारी येते."

सुचेतानं मोबाइल काढला आणि तिथेच बसून कंपनीला उत्तर लिहिलं. एरवी नीळकंठरावांनी दाखव म्हटलं असतं, तारीख तपासली असती. आज ते पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. ती जाणार होती आणि त्यांना रडू येत होतं. ते तिला दिसलं तर ती लिहिलेलं पुसून टाकेल, एवढीच भीती त्यांना वाटत होती.